हिरवा टाका

प्रिय इंजिन,

तोंड वाकडं करू नकोस. सगळा कारखाना तुला याच नावाने ओळखतो आणि लग्नाआधी मीही तुला याच नावाने हाका मारायचे. नवऱ्याला असलं काहीबाही म्हणू नये असं आईंनी मला कितीदा बजावलं असेल, पण त्या आत्ता खाली जिन्यापाशी उभ्या राहून सुतारकाकांना सूचना देताहेत, आणि पत्र माझं आहे. आज सुट्टी. सकाळपासून जिन्यात ठोकाठोक चाललीय, डोकं भणभणतंय, तरी म्हटलं आज लिहायला बसायचंच. तुझ्या शेवटच्या पत्रात तू मला टाचणी म्हणाला नाहीस. सरकारी कागदावर असतं तसं माझं पूर्ण नाव लिहिलंस. ते बघूनच मी पत्र मिटून उशीखाली ठेवलं, पुढचा मजकूर मी नंतर वाचला.

मजकूर तरी काय, चार ओळी. जखम झाली होती, आता बरी आहे, काळजी नसावी. घरी परत येणं होईल असं वाटत नाही, इकडेच कुठेतरी काम बघेन. तू माझी वाट बघू नकोस, तू अजून लहान आहेस. अरे, लहान कोण? मी तुझ्यापेक्षा मोठी आहे, काही महिन्यांनी का होईना, आणि त्यावरून तुझ्या मित्रांनी आपल्या लग्नात मला किती पिडलं होतं ते तू सोयीस्करपणे विसरलास. त्यानंतर मी पत्रांमागून पत्रं टाकली. रागाची टाकली, रडकी टाकली, एकदा तर नुसतं हवापाणी लिहून पाठवलं, म्हटलं त्याला तरी उत्तर देईल. तुझ्याकडून एक ओळ नाही. आई शेजारणींना सांगायच्या, मुलाला बढती मिळालीय, उसंत नसते त्याला. आणि मी मनातल्या मनात एक नर्स उभी केली. उंच, हसरी, हळू आवाजात बोलणारी, म्हणजे सगळ्या बाबतीत माझ्या उलट. भांडी घासताना मी तिच्याशी भांडायचे आणि दरवेळी तीच जिंकायची.

तर हे पत्र तुला घरी बोलावण्यासाठी आहे, हे आधीच सांगून टाकते. आपल्यात आडपडदा नको. फक्त जे सांगायचंय ते एका दमात सांगता येण्यासारखं नाही, म्हणून जरा इकडचं तिकडचं बोलत बोलत तिथपर्यंत येते. तू पत्र शेवटाकडून वाचायला घेऊ नकोस, तुझी ती खोड मला ठाऊक आहे.

कारखाना आता बघितलास तर ओळखणार नाहीस. शाळेच्या मुलांसाठी आपण पांढरे खेळाचे बूट करायचो, बाजूला हिरवी पट्टी असलेले, ते आता कुणाच्या लक्षातही नाहीत. जिकडे बघावं तिकडे मातकट कॅनव्हास. सैनिकांना कवायतीला आणि धावायला लागतात ते बूट, सकाळच्या भोंग्यापासून संध्याकाळच्या भोंग्यापर्यंत दुसरं काही नाही. सगळ्या बायकाच बायका. जी कामं पुरुषांशिवाय होणंच शक्य नाही असं मॅनेजरसाहेब छातीठोकपणे सांगायचे ती सगळी आम्ही करतो, आणि साहेब आता त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. मलाही शिवणाच्या मशीनवरून उठवून फर्म्यांच्या टेबलावर घातलंय. परवा आईंनी विचारलं, सारखी फर्मा फर्मा करतेस, तो असतो तरी काय. मी म्हटलं, लाकडाचं पाऊल. त्यावर शिवलेलं कॅनव्हास ओढून ताणून बसवायचं, खाली रबराचा तळ चिकटवायचा आणि पावलासकट भट्टीत घालायचं. पावलासकट का गं, असं त्यांनी विचारलं, आणि हातातलं विणकाम टोपलीत ठेवून दिलं.

तुझे फर्मे तुला आठवत असतीलच. ॲल्युमिनियमचे होते ते विमानांसाठी उचलून नेले तेव्हा सगळ्यांचं धाबं दणाणलं होतं. सुतारकाका म्हणाले लाकडाचे करून देतो, पण आकार कुठून आणायचा? मग त्यांनी अंगणात धावत असलेल्या तुलाच पकडलं, कारण आठ नंबरचा पाय असलेला आणि हाक मारल्याबरोबर येणारा तू एकटाच होतास. तुला फळीवर उभं केलं, कानावरची पेन्सिल काढून पावलाभोवती फिरवली, तुला गुदगुल्या झाल्या, रेघ वाकडी गेली, काकांनी तुझ्या पोटरीवर एक चापट दिली आणि पुन्हा पहिल्यापासून. लहानपणी दगडाला लाथ मारून तू डाव्या पायाची करंगळी मोडून घेतली होतीस, ती तशीच वेडीवाकडी जुळली. काकांनी ती गाठसुद्धा इमानेइतबारे कोरली. तासायची राहून गेली हे लक्षात येईपर्यंत त्याच फर्म्यावरून यंत्रावर ढिगाने फर्मे निघाले होते. आज आठ नंबरचा पाय असलेला प्रत्येक सैनिक डाव्या बुटात तुझ्या करंगळीची जागा घेऊन धावतोय, आणि त्याला वाटत असेल, वा, काय ऐसपैस बूट आहे.

मी मात्र रोज तुझा पाय हातात घेते. आधी शंखजिऱ्याची पावडर चोळायची, म्हणजे भट्टीतून आल्यावर बूट नीट सुटतो. मग कॅनव्हास चढवायचं, टाच बसवायची, पुढून ओढायचं. डाव्याला ती गाठ माझ्या अंगठ्याखाली आली की हात थांबतो. आपल्या मुकादमबाई, ज्यांचं नाव तू शिट्टी ठेवलंस, लगेच टेबलाच्या त्या टोकावरून ओरडतात की फर्म्याला कुरवाळायचा पगार मिळत नाही. त्यांना काय माहीत, असं मला वाटायचं. पण त्यांना माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं, म्हणून आठ नंबरचे फर्मे माझ्याकडेच यायचे, दुसरी कुणी हात लावायची नाही.

आपलं पहिलं भांडण आठवतं का? तुझं काम म्हणजे नवीन बूट पायात घालायचे, अंगणात फेऱ्या मारायच्या आणि कुठे दुखतं, कुठे खुपतं ते येऊन सांगायचं. मला वाटायचं, काय नशीब घेऊन आलाय, खेळायचा पगार घेतो. एक दिवस तू हातात बूट धरून माझ्या मशीनपाशी उभा, घामाघूम, धापा टाकत. म्हणालास, तुमची टाचेची शिवण चावते. मी ओठांत टाचण्या धरल्या होत्या, तशीच म्हटलं, शिवण सरळ आहे, तुमची टाच वाकडी आहे. पोरी फिदीफिदी हसल्या आणि त्या दिवसापासून मी टाचणी झाले. दुसऱ्या दिवशी तू दुसरा बूट घेऊन हजर, म्हणे हाही चावतो. मग आणखी एक. शेवटी मी म्हटलं, फोड दाखवा. फोड नव्हता. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की बूट काही चावत नाहीयेत, आणि मी गुपचूप खाली मान घालून मशीन सुरू केलं, कारण तू उद्या आला नाहीस तर आपल्याला चालणार नाही हे मला त्याच क्षणी कळलं होतं.

माझ्या खिडकीतून अंगण दिसायचं. दिसण्यापेक्षा ऐकू जास्त यायचं. फस् फस् फस्, कोपऱ्यावर तळ घासल्याचा आवाज, पुन्हा फस् फस्. इंजिन हे नाव काही उगाच पडलं नव्हतं. आता तिथे खोकी रचलीत, पलीकडची भिंतही दिसत नाही. कधीकधी भट्टीची वाफ सुटते आणि अगदी तसाच आवाज येतो. मी मान वर करते. तिथे खोकी आहेत हे माहीत असूनही दरवेळी करते. घरचं तर विचारूच नकोस. तुझा जुना सदरा मी अजून घालते, त्यातला तुझा वास कधीच गेला, आता माझा आणि रबराचा येतो, तरी घालते. जेवायला बसले की तुझ्या जागेवर आई काहीतरी ठेवून देतात, कधी पाण्याचा तांब्या, कधी विणकामाची टोपली, म्हणजे ती रिकामी दिसायला नको. तू शिळी भाकरी दुधात कुस्करताना तोंडाने आवाज करायचास त्याचा मला किती राग यायचा. आता तो आवाज यावा म्हणून मी काय देईन विचार. मला तू हवा आहेस. एवढी साधी गोष्ट आहे आणि ती लिहायला मला इतकी पानं लागताहेत.

कारखान्यातून जो भरती होईल त्याला सोबतच्या माणसांनी आपल्या हाताने केलेली जोडी द्यायची, ही आपली पद्धत. तुझी जोडी मी केली. शिवली मी, तुझ्याच फर्म्यावर चढवली मी, तळ तेवढा काकांनी लावला. नाडीखालच्या जिभेच्या आतल्या बाजूला, जिथे तपासणीत कुणी बघणार नाही, तिथे मी एक टाका हिरव्या दोऱ्याने घातला. शाळेच्या बुटांच्या पट्टीचा तो शेवटचा रीळ होता. डाव्यात एक, उजव्यात एक. तुला दाखवला तर म्हणालास, बरं झालं, हरवलो तरी ओळखू येईन. मी तुझ्या पाठीत धपाटा घातला होता. स्टेशनवर तू त्या जोडीच्या नाड्या एकमेकींना बांधून बूट गळ्यात अडकवले होतेस. गाडी हलली, तुझा चेहरा गर्दीत गेला, आणि मला बराच वेळ नुसते ते बूट हलताना दिसत होते.

नाड्या बांधायची सवय आपल्या सगळ्यांनाच. फर्म्यावरून उतरल्याबरोबर डावा-उजवा एकत्र बांधायचा, कारण जोडी सुटली की माल बाद, हे शिट्टीचं आवडतं वाक्य. ते लक्षात ठेव, कारण आता गोण्यांचं सांगते. रबराची इतकी टंचाई झालीय की सैनिकांचे वापरलेले बूट आमच्याकडे परत येतात. आम्ही ते टेबलावर पसरून जोड्या लावतो. जोडी धड असली तर नवीन तळ लावून परत जाते. एकटा बूट निघाला तर त्याचं रबर खरवडून घ्यायचं. गेल्या महिन्यात तू जिथून पत्र टाकलंस त्या इस्पितळातून पहिल्यांदा गोण्या आल्या. वरचं नाव वाचून मी धावतच गेले, जणू तुझ्या ओळखीचं कुणी भेटायला आलंय. गोण्या रिकाम्या केल्या आणि बसलो जोड्या लावत. एक लागेल तर शपथ. सगळे एकेकटे. कुणाचा डावा, कुणाचा उजवा, आणि तळ तर बऱ्याच जणांचे अजून चांगले. आम्ही वैतागलो. एक जण म्हणाली, हे लोक एकमेकांना बूट फेकून मारतात वाटतं. मी म्हटलं, घरी एक मोजा हरवणारी माणसं ही, लढाईत एक बूट हरवला तर त्यात नवल काय. खूप हसलो आम्ही त्यावर. शिट्टीने लॉरीच्या ड्रायव्हरला दम भरला, तिथल्या स्टोअरला जाऊन सांग, अर्धवट माल पाठवू नका, जोडीतले दुसरे बूट ताबडतोब द्या. इतक्या बायका होतो तिथे, सगळं आयुष्य बुटांत गेलेल्या, पण एकीच्याही डोक्यात आलं नाही. आम्हाला जोड्या दिसतात रे, पाय दिसत नाहीत.

पुढच्या फेरीला तो ड्रायव्हर आला. गोण्या उतरवल्या, टोपी काढून हातात धरली. शिट्टीने विचारलं, दुसरे बूट कुठे आहेत? तो म्हणाला, बाई, दुसरे बूट वापरात आहेत. आम्ही सगळ्या त्याच्याकडे बघत राहिलो तेव्हा त्याला पुन्हा सांगावं लागलं, पायांत आहेत, बाई. आपली शिट्टी, जिला कधी कुणी बसलेलं पाहिलं नाही, ती शेजारच्या खोक्यावर बसली. आधीच्या फेरीतले, टेबलावर पडून असलेले बूट पोरींनी एकेक करून सरळ केले आणि ओळीने लावून ठेवले, कुणी कुणाला सांगितलं नाही. मी नव्या गोणीत हात घातला. कशासाठी, ते मला कळत होतं आणि कळूनही घ्यायचं नव्हतं. फार शोधावं लागलं नाही. डावा, आठ नंबरचा, टाच बाहेरच्या बाजूने झिजलेली. मी तुला सांगितलंच होतं की तुझी टाच वाकडी आहे. जीभ उलटून बघितली, टाका अजून हिरवागार होता.

खरं सांगू? आधी मला हायसं वाटलं. माझ्याबद्दल काय वाटायचं ते वाटू दे, पण वाटलं. नर्स नव्हती. मी तुला नकोशी झाले नव्हते. आणि उजवा बूट गोणीत नव्हता, म्हणजे तो वापरात होता, म्हणजे तू उभा होतास. रडू त्यानंतर आलं, आणि मग ते आवरेना. शिट्टीने मला पाणी दिलं, बूट माझ्या डब्याच्या पिशवीत स्वतःच्या हाताने घातला आणि दारावरच्या पहारेकऱ्याला सांगितलं की हिची पिशवी बघायची नाही.

आईंनी बूट हातात घेतला, टाचेवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, हा त्याचाच. दुसरा कुठंय? मी ड्रायव्हरचं वाक्य होतं तसं सांगितलं. मला भीती होती त्या कोसळतील म्हणून. त्यांनी ओल्या फडक्याने बूट पुसला, दाराशी तुझ्या चपला असायच्या त्या जागेवर नेऊन ठेवला आणि म्हणाल्या, आपल्या जिन्याला कठडा नाही. तेवढंच. मग आत जाऊन पीठ मळायला घेतलं आणि मळतच राहिल्या. आत्ता खाली जी ठोकाठोक चाललीय ती त्या कठड्याची. दोन्ही बाजूंना लावून घेताहेत, चढताना कोणता हात लागेल आणि उतरताना कोणता, कुणी सांगावं, असं म्हणतात. बढतीची गोष्ट त्यांनी बंद केलीय. शेजारणींनी विचारलं की सरळ सांगतात, माझा मुलगा यायचाय. सुतारकाकांनीही निरोप दिलाय. तू आलास की उंचीचं माप घेऊन ते तुला लाकडी पाय करून देणार आहेत, पावलाचा आकार त्यांच्याकडे आहेच. मी त्यांना बजावलंय की करंगळीची गाठ तासायची नाही, दाराशी ठेवलेल्या बुटात तिची जागा आहे.

आणि आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. पत्राबरोबरच्या पुडक्यात एकच बूट आहे. चुकून नाही. उजवा आहे, तुझ्या फर्म्यावरचा, कारण आता सगळा भार त्याच्यावर येणार आणि जुना लवकर झिजेल. तळ दुहेरी लावलाय. माल बाद होतो म्हणून बोंबलणाऱ्या शिट्टीने या वेळी स्वतः माझ्याशेजारी उभं राहून तो भट्टीत घातला. हिरवा दोरा संपलाय, म्हणून त्या जुन्या डाव्यातला टाका उसवून अर्धा याच्यात घातला आणि अर्धा तिकडे राहू दिला. तुझं धावणं गेलं याचं मला काही वाटत नाही असं खोटं लिहिणार नाही. अंगणातला तो आवाज मला जन्मभर हवा होता. पण मी काही धावण्याशी लग्न केलं नव्हतं, न चावणारे बूट घेऊन भांडायला येणाऱ्या माणसाशी केलं होतं. तुझा डावा पाय माझ्याकडे आहे, रोज हातात असतो, त्याची तू काळजी करू नकोस. बाकीचा तू घेऊन ये. एकदा मनात आलं होतं, टाचेची शिवण मुद्दाम जाड ठेवावी, म्हणजे चावेल आणि तक्रार करायला तुला यावंच लागेल. पण हात धजावला नाही, एकट्या पायाला आणखी किती छळायचं. तेव्हा बूट चावणार नाही, मी तीनदा बोट फिरवून बघितलंय. तरी तू आपला चावतो म्हण, आणि पूर्वीसारखा स्वतः घेऊन ये.

तुझीच, अजून तशीच टोचणारी,
टाचणी